शेवटच्या केमोनंतरचे पहिले वर्ष: मूल, घर आणि शाळा

माझ्या मुलाची शेवटची गोळी संपली त्या दिवशी आम्ही डे-केअर वॉर्डमध्ये पेढे वाटले. अडीच वर्षे चाललेले रक्ताच्या कर्करोगाचे उपचार पूर्ण झाले होते, सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या इमारतीत शेजाऱ्यांनी दाराला तोरण बांधले होते आणि सासूबाईंनी सत्यनारायणाची तारीखही काढून ठेवली होती. त्यानंतर तीन आठवड्यांनी मी रात्री दोन-दोनदा उठून त्याच्या कपाळाला हात लावून पाहू लागले, माझे पती ऑफिसातून आल्यावर खाली पार्किंगमध्ये अर्धा-अर्धा तास गाडीतच बसून राहू लागले, आणि सुया टोचून घेताना कधी न रडलेला मुलगा शाळेचा गणवेश पाहिला की पोट दुखते म्हणून पडून राहू लागला.

आमचेच काहीतरी बिनसले आहे, असे तेव्हा वाटले. गेली सहा वर्षे पुण्यात अशा कुटुंबांसोबत स्वयंसेवक म्हणून बसल्यावर कळले की बहुतेक घरांत हेच घडते, आणि त्याला कारण आहे. उपचार चालू असताना रुग्णालय घराला धरून ठेवते: कोणत्या दिवशी कोणते औषध, रक्तपेशींचा काउंट किती, पुढची तारीख कोणती, अडचण आली तर कोणाला फोन करायचा, हे सगळे ठरलेले असते आणि घाबरायला सवडच नसते. शेवटच्या गोळीनंतर ही चौकट एका दिवसात निघून जाते आणि अडीच वर्षे मागे सारलेली भीती, राग आणि थकवा एकदम पुढे येतात. उपचारांना प्रोटोकॉल असतो, तसाच या पहिल्या वर्षालाही असावा, असे मला मनापासून वाटते. पुढे लिहिले आहे ते त्याच दृष्टीने.

साधनसंपन्न देशांत आता कर्करोग झालेल्या दर दहा मुलांपैकी आठांहून अधिक मुले बरी होतात, आणि २०३० पर्यंत जगभरात किमान ६० टक्के मुले वाचावीत, असे उद्दिष्ट जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये ठरवले आहे. म्हणजे बरी होऊन शाळेत, कॉलेजात, नोकरीत परतणारी मुले वाढतच जाणार आहेत. २०१५ मध्ये बालकर्करोगातील मानसिक-सामाजिक काळजीचे १५ निकष प्रसिद्ध झाले. त्यांत पालकांचे मन, भावंडे आणि शाळेत परतणे यांना स्वतंत्र स्थान आहे. ही काळजी म्हणजे वेळ मिळाल्यास करायची चैन आहे, असा समज कोणी करून घेऊ नये.

पहिली पायरी: जाडजूड फाईल दोन पानांत आणावी

मनाविषयीच्या लेखाची सुरुवात कागदपत्रांपासून का, असा प्रश्न पडेल. भीती अंधुकपणात वाढते, हे त्याचे उत्तर. ‘काही झाले तर?’ या प्रश्नाला नेमके उत्तर लिहून मिळाले की रात्रीची झोप थोडी तरी परत येते.

शेवटच्या डोसानंतरच्या पहिल्या भेटीतच डॉक्टरांकडे उपचारांचा सारांश मागावा. त्यात निदानाचे पूर्ण नाव आणि तारीख, दिलेल्या प्रत्येक औषधाचे नाव व महत्त्वाच्या औषधांची एकूण मात्रा, रेडिएशन दिले असल्यास शरीराचा भाग व मात्रा, शस्त्रक्रिया, रक्त चढवल्याच्या नोंदी आणि झालेल्या गुंतागुंती असाव्यात. एकूण मात्रेचा आग्रह धरावा, कारण पुढची तपासणी तिच्यावर ठरते. वॉर्डात ज्याला सगळे ‘लाल औषध’ म्हणतात ते डॉक्सोरुबिसिन किंवा त्याच्या गटातले औषध मिळाले असेल तर हृदयाची इको तपासणी अनेक वर्षे ठरावीक काळाने करावी लागते. व्हिंक्रिस्टिनमुळे पायाचे घोटे आणि बोटांची पकड कमकुवत होऊ शकते. मणक्यातून दिलेल्या मेथोट्रेक्सेटमुळे आणि विशेषतः डोक्याला दिलेल्या रेडिएशनमुळे एकाग्रता व विचारांचा वेग कमी होऊ शकतो, सिस्प्लॅटिनमुळे ऐकू येण्यावर आणि सायक्लोफॉस्फामाइडसारख्या औषधांच्या मोठ्या मात्रांमुळे प्रजननक्षमतेवर परिणाम होऊ शकतो. हे सगळे प्रत्येक मुलाला होतेच असे नाही. पण सहावीतला मुलगा अक्षर वाईट काढतो तेव्हा तो आळशी आहे की त्याच्या बोटांना औषधाने मार बसला आहे, हे ओळखण्यासाठी हा कागद लागतो.

त्याच भेटीत आणखी एक प्रश्न विचारून उत्तर कागदावर लिहून घ्यावे: ताप किती आला, किती वेळ राहिला, तर फोन करायचा, आणि कोणाला? आमच्या फ्रीजवर हा कागद चार वर्षे चिकटवलेला होता. मूळ प्रत घरी, एक स्कॅन फोनमध्ये आणि एक प्रत आजोळी ठेवावी. मूल अठरा वर्षांचे झाले की ही दोन पाने समोर बसवून, समजावून, त्याच्या हाती द्यावीत. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात उपचार पूर्ण झालेल्या मुलांसाठी १९९१ पासून स्वतंत्र क्लिनिक चालते. तुमच्या रुग्णालयात अशी सोय आहे का, हे जरूर विचारावे, आणि नसल्यास कोणत्या डॉक्टरांकडे किती वर्षे यायचे हे ठरवून घ्यावे.

दुसरी पायरी: मुलाशी बोलावे, आणि आजाराचे नाव घेऊन बोलावे

‘रक्तात थोडे जंतू झाले होते’ असे सांगून वेळ मारून नेणारी घरे मी पुष्कळ पाहिली. हेतू चांगलाच असतो. मात्र मूल फाईलवरचे शब्द वाचते, मोबाइलवर शोधते, नाहीतर एखाद्या लग्नात मावसभावाच्या तोंडून ऐकते, आणि मग त्याला आजारापेक्षा आईवडिलांनी लपवले याचा धक्का जास्त बसतो.

पाच-सहा वर्षांच्या मुलाला तीन गोष्टी कळणे पुरेसे आहे: तुला कॅन्सर नावाचा आजार झाला होता, तो तुझ्या किंवा आमच्या चुकीने झाला नव्हता, आणि तो एकाचा दुसऱ्याला होत नाही. यातली मधली गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते. आपण बहिणीला ढकलले म्हणून आजार झाला, असे मनात धरून बसलेली मुले असतात आणि विचारल्याशिवाय ती सांगत नाहीत. दोन-तीन वर्षांचे असताना उपचार झालेल्या मुलाला काहीच आठवत नाही. त्याला आठव्या-नवव्या वर्षी, फोटो दाखवत, सावकाश सांगावे. एकदाच बसून सगळे सांगून टाकण्याची गरज नाही. दर फॉलोअपच्या, म्हणजे उपचारांनंतरच्या ठरावीक तपासणीच्या, आधी थोडे पुढे जावे.

किशोरवयीन मुलांच्या बाबतीत एक साधी गोष्ट मी प्रत्येक आईला सांगते: ओपीडीत शेवटची दहा मिनिटे तुम्ही बाहेर थांबा. आईसमोर न विचारता येणारे प्रश्न त्या वयात असतात, शरीराविषयीचे, आयुष्याविषयीचे, आणि ते विचारण्याची सवय इथूनच लागते.

‘योद्धा’, ‘फायटर’ या शब्दांविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. युवराज सिंग कर्करोगाच्या उपचारांनंतर सप्टेंबर २०१२ मध्ये पुन्हा भारताकडून खेळला, हे सांगितल्यावर माझ्या मुलाचे डोळे चमकले होते आणि त्या गोष्टीने त्याला बळही दिले. पण ज्याला सगळे योद्धा म्हणतात त्याला ‘मला भीती वाटते’ असे म्हणायला जागा उरत नाही. कौतुक करावे, आणि रडण्याची मुभाही तितक्याच उघडपणे द्यावी.

तिसरी पायरी: शाळा

या पायरीवर सर्वाधिक वेळ द्यावा. मुलाच्या दृष्टीने बरे होणे म्हणजे शाळेत जाणे, आणि घरातल्या सर्वाधिक चुकाही इथेच होतात.

शाळा सुरू होण्याच्या किमान तीन आठवडे आधी मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षिका यांची भेट घ्यावी. जाताना डॉक्टरांचे एक पानी पत्र न्यावे. त्यात उपचार पूर्ण झाले आहेत, आजार संसर्गजन्य नाही, मूल वर्गात बसण्यास योग्य आहे आणि कोणती काळजी घ्यायची, एवढे स्पष्ट असावे. ज्या शाळेत आम्ही पहिल्यांदा गेलो तिथे, इतर पालक काय म्हणतील, अशी शंका काढून आम्हाला परत पाठवण्यात आले. हेच पत्र घेऊन, वर्गशिक्षिकेला सोबत घेऊन दुसऱ्यांदा गेलो तेव्हा काम झाले. बहुतेक वेळा समोरच्याच्या मनात दुष्टावा नसतो. त्याला काय करायचे हे माहीत नसते. ते आपण लिहून न्यावे.

भेटीत पुढील गोष्टी ठरवाव्यात. पहिले दोन-तीन आठवडे मधल्या सुट्टीपर्यंतच शाळा. थकवा आल्यास टेकायला जागा. पाण्याची बाटली आणि लघवीला जाण्याची परवानगी न विचारता. वर्ग वरच्या मजल्यावर असेल तर पाय सुधारेपर्यंत तळमजल्याची सोय किंवा जिन्यासाठी जादा वेळ. खेळाच्या तासाला मुलाला कट्ट्यावर बसवून ठेवू नये. पळता येत नसेल तर गुण मोजायला, शिट्टी वाजवायला, संघ पाडायला उभे करावे. वर्गात कोणाला कांजिण्या किंवा गोवर झाल्याचे कळले तर शाळेने त्याच दिवशी फोन करावा, आणि तुम्ही त्याच दिवशी डॉक्टरांना. ही गोष्ट शिक्षकांच्या वहीत लिहून घ्यावी. व्हॅनच्या काकांनाही सांगण्यास विसरू नये. दिवसातला सर्वांत त्रासाचा काळ पुष्कळदा त्या वीस मिनिटांचा असतो, कारण तिथे शिक्षक नसतात आणि टोपी ओढणारे मोठे मूल असते.

वर्गमित्रांना काय सांगायचे हे मुलाला विचारून ठरवावे. काही मुलांना शिक्षिकेने ते गैरहजर असताना वर्गाला सांगितलेले आवडते, काहींना स्वतः सांगायचे असते, काहींना काहीच नको असते. आम्ही घरी एकच वाक्य घोटून घेतले होते: ‘मला कॅन्सर झाला होता, औषधे झाली, आता मी शाळेत येऊ शकतो, आणि तो तुला होणार नाही.’ कोणी टकलावरून बोलले की तो हे वाक्य म्हणत असे आणि विषय तिथे संपत असे. वाक्य तयार असले की मूल गोंधळत नाही.

अभ्यासाविषयी थोडे सविस्तर लिहिते. पहिल्या सहामाहीचे गुण पाहून निष्कर्ष काढू नये. पण दोन सत्रांनंतरही वाचून समजायला वेळ लागत असेल, फळ्यावरून उतरवताना मागे पडत असेल, सूचना विसरत असेल, आणि विशेषतः डोक्याला रेडिएशन मिळालेले असेल, तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडून बौद्धिक व शैक्षणिक चाचणी करून घ्यावी. अशा मुलाची बुद्धी शाबूत असते, वेग कमी झालेला असतो, आणि या दोहोंतला फरक न कळल्याने शिकवण्यांवर शिकवण्या लावून त्याला आणखी थकवले जाते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ खाली विशिष्ट अध्ययन अक्षमता, श्रवणदोष किंवा चलनविषयक अक्षमता प्रमाणित झाल्यास परीक्षेत तासाला २० मिनिटे जादा वेळ, गरजेप्रमाणे लेखनिक अशा सवलती मिळू शकतात. दहावीसाठी हा अर्ज शाळेमार्फत राज्य मंडळाकडे जातो आणि प्रमाणपत्राला वेळ लागतो, म्हणून नववीतच सुरुवात करावी. शाळा फार बुडाली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसता येते, किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून विषय थोडे थोडे करून सोडवता येतात. त्याचे विभागीय केंद्र पुण्यातच आहे. एक वर्ष मागे राहण्याचे दुःख आईवडिलांना जितके होते तितके मुलाला होत नाही, असा माझा अनुभव आहे. मित्र तुटण्याचे दुःख मात्र त्याला होते, म्हणून निर्णय घेताना मित्र कोणत्या वर्गात आहेत, हेही पाहावे.

चौथी पायरी: दुसरे मूल

माझी मुलगी त्या अडीच वर्षांत बराच काळ साताऱ्याला आजीकडे होती. फोनवर ती कधी हट्ट करत नसे आणि आम्ही सगळ्यांना सांगत असू की ती किती समजूतदार झाली आहे. उपचार संपल्यावर ती परत आली, आणि एका संध्याकाळी तिने शांतपणे विचारले, ‘मी आजारी पडले तर मला पण इथे ठेवाल ना?’ त्या प्रश्नाने मला जे शिकवले ते कोणत्याही समुपदेशकाने शिकवले नव्हते.

समजूतदार भावंडाकडे आधी लक्ष द्यावे. त्याला आजाराची तीच खरी माहिती द्यावी जी रुग्ण मुलाला दिली. ‘तुझ्यामुळे झाले नाही’ हे वाक्य त्यालाही ऐकायचे असते. आठवड्यातला एक ठरलेला वेळ फक्त त्याचा असावा, आणि फॉलोअप असला तरी तो रद्द होऊ नये. आमच्याकडे रविवारची सकाळ मुलीची असे. ती आणि तिचे बाबा पर्वती चढून येत, वाटेत गप्पा मारत, आणि मुलाला त्यात प्रवेश नव्हता. त्याने तक्रार केली, ती आम्ही ऐकून घेतली आणि नियम बदलला नाही.

याच ठिकाणी शिस्तीचे बोलते. आजारपणात मागेल ते दिले गेलेले असते, मोबाइल हातात आलेला असतो, जेवण भरवले जात असते. हे सगळे एका दिवसात बंद करू नये, पण पहिल्या दोन महिन्यांत दोन्ही मुलांना सारखेच नियम आणि सारखीच घरकामे लावावीत. पाने मांडणे, डबा स्वतः भरणे, आपले अंथरूण काढणे. ज्या मुलाकडून घर काही अपेक्षा करते त्याला आपण जगणार आहोत, असे वाटू लागते.

पाचवी पायरी: आईवडील

पालकांच्या मनावरचे ओरखडे पुष्कळदा मुलाच्या मनावरच्यांपेक्षा खोल आणि जास्त काळ टिकणारे असतात, असे या विषयातील अभ्यास सांगतात. सॅनिटायझरच्या वासाने छातीत धडधडणे, रुग्णालयाच्या चौकातून रिक्षा गेली की पोटात गोळा येणे, मुलाच्या मांडीवरचा निळा डाग पाहून कमी झालेल्या प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) आठवणे, हा वेडेपणा नव्हे. ते शरीराच्या लक्षात राहिलेले असते.

फॉलोअपच्या आधीचा आठवडा सर्वांत वाईट जातो. त्यासाठी ठरवून ठेवावे: सोबत कोण येणार, रक्त दिल्यावर कुठे नाश्ता करायचा, रिपोर्ट कोण पाहणार. नातेवाइकांचे फोन ही त्या दिवशीची खरी डोकेदुखी असते, तेव्हा काका किंवा मामा अशा एकाच व्यक्तीला सांगावे आणि इतरांना तिने कळवावे. सोलापूर, लातूर, नांदेडकडून पुण्याला येणाऱ्या कुटुंबांनी रिपोर्ट मिळेपर्यंत परतीच्या गाडीची घाई टाळता आली तर टाळावी. एसटीत बसून फोनवर निकाल ऐकणे फार जड जाते.

पती-पत्नींपैकी एक सतत बोलतो आणि दुसरा गप्प होतो, असे बहुधा होते. गप्प राहणाऱ्याला काही वाटत नाही, असा अर्थ काढू नये. आठवड्यातून एकदा, मुले झोपल्यावर, वीस मिनिटे दोघांनी बसावे आणि त्यात पैसे आणि रिपोर्ट हे दोन विषय काढू नयेत. आणि एक गोष्ट घरातल्या वडीलधाऱ्यांना नम्रपणे पण स्पष्ट सांगावी: गरोदरपणातल्या खाण्याने, ग्रहणाने, नजर लागल्याने कर्करोग होत नाही. काही थोड्या मुलांत आनुवंशिक कारण सापडते, बहुतेकांत आईवडिलांच्या कोणत्याही कृतीशी त्याचा संबंध नसतो. हे वाक्य डॉक्टरांच्या तोंडून आजी-आजोबांसमोर वदवून घेतले तर सुनेच्या मनावरचे ओझे पुष्कळ उतरते.

सहावी पायरी: तरुण वयातले प्रश्न

पंधरा ते पंचवीस या वयात विषय बदलतात. प्रजननक्षमतेबाबत अंदाज बांधत बसण्यापेक्षा वयात आल्यानंतर तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. मुलींमध्ये पाळी लवकर थांबण्याची शक्यता असेल तर ते लवकर कळलेले बरे. लग्नाच्या बोलण्यांत आजार लपवावा, असा सल्ला जवळचेच देतात. मी त्याच्या विरुद्ध आहे. पहिल्याच भेटीत सांगण्याची गरज नाही, पण दोघांनी होकाराकडे झुकण्याआधी मुलाने किंवा मुलीने स्वतः, दोन पानी सारांश हाताशी ठेवून सांगावे. आरोग्य विमा घेतानाही खरी माहिती द्यावी. २०२४ च्या नियमांनुसार आधीपासूनच्या आजाराचा प्रतीक्षाकाळ (ज्या काळात त्या आजाराचा खर्च विम्यातून मिळत नाही) ३६ महिन्यांहून अधिक ठेवता येत नाही, आणि सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती दिली नाही या कारणाने दावा नाकारता येत नाही.

आपल्यासारखे दुसरे कोणी भेटणे हे या वयात सर्वांत मोठे औषध ठरते. इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधाराने २००९ मध्ये सुरू झालेला ‘उगम’ हा बालपणी कर्करोग होऊन गेलेल्या तरुणांचा गट त्यासाठी आहे. रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकांना विचारल्यास जवळपासच्या भेटींची माहिती मिळते.

मदत कधी घ्यावी

झोप न लागणे, चिडचिड, चिकटून राहणे, हे पहिल्या काही आठवड्यांत अपेक्षित आहे. मात्र मूल किंवा पालक सलग दोन आठवडे उदास असेल, खाणे-झोपणे बिघडले असेल, शाळा किंवा काम टाळत असेल, त्याच त्या दृश्यांनी दचकून उठत असेल, किंवा गोळ्या घेण्यास, फॉलोअपला येण्यास नकार देत असेल, तर थांबू नये. आधी कर्करोगतज्ज्ञांना सांगावे, कारण स्टेरॉइडसारख्या औषधांमुळेही मनःस्थिती पालटते. मग समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठावा, आणि पूर्वीची सर्व औषधे त्यांना दाखवावीत. जगणे नको, असे कोणी एकदा जरी म्हणाले तरी त्याच दिवशी मदत घ्यावी, त्या व्यक्तीला एकटे सोडू नये. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा निःशुल्क क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तेथे मराठीतून बोलता येते.

वॉर्डातले मित्र

ही गोष्ट शेवटी ठेवली, कारण तिच्याविषयी लिहिणे मला अजूनही अवघड जाते. डे-केअरमध्ये शेजारच्या खाटेवर असलेला, माझ्या मुलाबरोबर पत्ते खेळणारा मुलगा आमचे उपचार संपल्यानंतर गेला. मी चार महिने ते लपवले. विचारले की ‘तो गावी गेला आहे’ असे सांगत राहिले. नंतर कळले की फॉलोअपच्या रांगेत दुसऱ्या एका मुलाने माझ्या मुलाला पहिल्याच महिन्यात सांगितले होते, आणि आई रडेल म्हणून त्याने मला कळू दिले नव्हते. चार महिने नऊ वर्षांचे पोर एकटे ते घेऊन बसले होते.

म्हणून असे झाले तर एक-दोन दिवसांत, घरी, टीव्ही बंद करून, ‘गेला’ किंवा ‘देवाघरी गेला’ एवढ्यावर न थांबता ‘तो वारला’ असे स्पष्ट सांगावे. त्याचा आजार आणि तुझा आजार यांत काय फरक होता, हे डॉक्टरांना विचारून जेवढे खरे आहे तेवढेच सांगावे; ‘तुला कधीच काही होणार नाही’ असे वचन देऊ नये. ‘मीच का वाचलो?’ असे मुलाने विचारले तर घाईने समजूत घालू नये, त्याला बोलू द्यावे. त्या मित्रासाठी काय करावेसे वाटते, हे त्यालाच विचारावे. माझ्या मुलाला पत्त्यांचा तो जोड त्याच्या आईला द्यायचा होता. आम्ही तिघे हडपसरला त्यांच्या घरी गेलो. त्या माउलीने जोड हातात घेतला, मुलाला जवळ बसवले आणि तो कोणता डाव हरला की चिडायचा, हे विचारले. मुलगा तासभर सांगत होता.